दोराचं दुसरं टोक

गेले दिवे. आता साडेआठशिवाय येत नाहीत. बस निवांत, नुरान, मी कंदील लावते. चहा गार झाला असेल तर गॅसवर ठेवू पुन्हा.

उद्या सकाळी स्ट्रँडफोंटेनच्या किनाऱ्यावर जायचं म्हणतेस. डर्बनहून एवढ्या लांब तू त्यासाठीच आलीस, कळतं मला. बाप जिथे गेला ती जागा लेकीला एकदा तरी बघावीशी वाटणारच. नाही म्हणणारी मी कोण? पण जायच्या आधी आत्याचं एवढं ऐकून घे. तुझ्या आईला हे मी कधी सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच ते.

सुरुवात अगदी साधी आहे. चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, मी तुझ्या आजोबांना, सगळे त्यांना बूया म्हणत, डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. सकाळी सहाला बाकावर बसलो, नंबर लागला दोनला. डॉक्टरीण कोवळी पोर होती. तिनं बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग बूयांचा हात हातात घेतला. हात घेतला तेव्हाच मी समजले.

"डावा गेलाय, बूया. उजव्याला उजेड आणि अंधार कळेल. त्यापुढे आमच्या हातात काही नाही."

"म्हणजे दिवस कुठला नि रात्र कुठली, एवढं कळेल ना?" बूया म्हणाले. "मग पुष्कळ झालं. लोडशेडिंगमध्ये तुम्हा डोळसांना तरी त्याहून काय जास्त कळतं?"

पोरगी हसली. मला काही हसू आलं नाही.

गाडीतून परत निघालो. मिचेल्स प्लेनच्या वळणाशी आलो, मी घराकडे वळणार, तेवढ्यात बूया म्हणाले, "रुग्गी, सरळ घे."

"सरळ कुठे? सरळ समुद्र आहे."

"तेच म्हणतोय. समुद्रावर ने."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. माझा कानांवर विश्वास बसेना. त्याच्या चोवीस वर्षं आधी त्या माणसानं समुद्राकडे पाठ केली, ती केलीच. टॅक्सीत त्या बाजूच्या खिडकीशी बसत नसत. घरात मासा शिजू देत नसत. आग्नेयेचा वारा सुटला आणि लाटांचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत यायला लागला की रेडिओ मोठा करत. बातम्या असोत, घोड्यांच्या शर्यती असोत, काहीही.

का, ते तुला अर्धंच माहीत असेल. बूया रापणीवरचे टेहळ्या होते. वाळूच्या टेकाडावर उभं राहायचं, पाण्याचा रंग वाचायचा, आणि माशांचा थवा दिसला की अंगातलं जाकीट काढून हलवायचं. जाकीट हललं की होडी सुटते. नाही हललं, तर कोणाची छाती नाही होडी ढकलायची. त्या दिवशी वारा चढत होता. होडीवाले खालून बूयांकडे बघत उभे होते. थवा मोठा होता, ईद तोंडावर आली होती. त्यांनी जाकीट हलवलं. तिसऱ्या लाटेला होडी उलटली. आत चौघे होते, तिघे बाहेर आले. चौथा तुझा बाप. माझा तोयेर.

तो सापडलाच नाही गं. मातीसुद्धा देता आली नाही त्याला.

त्या सकाळी निघताना त्यानं तुझ्या तळपायांचे मुके घेतले होते, एक या पायाचा, एक त्या पायाचा. तू पाच महिन्यांची होतीस. मला म्हणाला, "टिटी, हिचे पाय बघ. अजून जमिनीला लागलेच नाहीयेत." मोठ्या बहिणीला आम्ही टिटी म्हणतो, डर्बनला काय म्हणतात कोण जाणे. मला टिटी म्हणणारा तो एकटाच होता.

तर मी गाडी सरळ घेतली.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळू उडून गाड्या लावायच्या जागेवर पसरली होती, चाकं त्यात रुतत होती. एका गाडीत एक जोडपं काचा बंद करून तळलेले बटाटे खात होतं, एवढंच. आभाळ काळवंडलेलं. आमच्याकडे आग्नेयेचा वारा एरवी ऊन घेऊन येतो, पण कधी कधी तो ढग घेऊन येतो आणि मग भर दुपारीसुद्धा थंडी हाडात शिरते. तसला दिवस होता. दार उघडलं तर वाऱ्यानं ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं. वाळूचे कण पायांना सुयांसारखे टोचत होते. सडत्या शेवाळाचा वास, आणि लाटांचा तो एकसारखा आवाज, दूर कुठेतरी मोठमोठे दरवाजे कोणी सारखे लावून घेतंय असा.

बूयांनी माझा दंड धरला होता.

"परत जाऊ या का?"

"पाण्याजवळ ने."

पाण्याजवळ एक होडी वाळूवर ओढून ठेवली होती आणि तिच्या आडोशाला सात-आठ जण कॉलर वर करून बसले होते. रापणवालेच. वाऱ्यामुळे निम्मी माणसं आलीच नव्हती, म्हणून हात चोळत बसले होते. त्यांच्यातला एक म्हातारा उठला. मला बघून नाही, बूयांना बघून. त्यानं टोपी काढली. केस सगळे पांढरे झालेले, तरी मी ओळखलं. तो अचमत होता. त्या दिवशीच्या होडीतून बाहेर आलेल्या तिघांतला एक.

"बूया," तो म्हणाला.

"अचमत का रे? आवाज बसलाय तुझा."

"साठी उलटली, बूया."

"माझी ऐंशी उलटली. माझा बसलाय का?"

बाकीचे हसले. एनरिको नावाचा एक तोंडाळ तरुण होता, बसल्या बसल्या मोबाइलवर काहीतरी बघत. बूयांनी मात्र मान वर केली, नाक वाऱ्याकडे केलं. लहानपणी मी त्यांना टेकाडावर असंच उभं बघितलं होतं. मग ते हळूच म्हणाले, "थवा आहे."

"कुठे?" अचमतनं विचारलं.

"डाव्या अंगाला. फेसाच्या पलीकडे. वास येतोय, चिरलेल्या काकडीसारखा. आणि पक्षी ऐक. ओरडत नाहीयेत. पक्षी गप्प झाले की खाली मासळी असते."

एनरिको म्हणाला, "ओ बूया, माझं नाक दिसतंय का तुम्हाला? ते इथे हातभर अंतरावर आहे. आणि समुद्रातले मासे दिसतात!"

"नाक नाही दिसत, पोरा. पण तोंड केव्हापासून ऐकू येतंय."

आता सगळेच खदखदले. अचमत हसला नाही. तो पाण्याकडे डोळे बारीक करून बघत होता. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "आहे. पिवळ्या शेपटीवाले आहेत. पाणी जांभळं दिसतंय तिथे." मग तो बूयांकडे वळला. "बूया, सोडू का होडी? तुम्ही सांगा."

त्यानं असं का विचारलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला राग आला. जी गोष्ट त्या माणसाला चोवीस वर्षं जाळत होती तीच त्याच्या हातात पुन्हा का द्यायची? पण आता वाटतं, अचमतनं ते मुद्दाम केलं. दुसऱ्या कोणाला ते देताच आलं नसतं.

बूयांचा चेहरा राखेसारखा झाला. "वारा किती आहे?"

"त्या दिवसापेक्षा कमी. शपथेवर सांगतो."

"लाटा?"

"दोन मोठ्या, मग उसंत. उसंत चांगली आहे."

बूयांनी जाकिटाची बटणं काढायला सुरुवात केली. बोटांना बटणं सापडेनात. मी मदत करायला गेले तर माझा हात त्यांनी बाजूला केला. त्या थंडीत, सदऱ्यावर, त्यांनी जाकीट डोक्यावर धरलं आणि हलवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा त्यांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला.

होडी सुटली.

ती फेसाच्या पलीकडे जाऊन, जाळं सोडत, मोठं वळण घेऊन परत किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी माझा हात असा धरला होता की दुसऱ्या दिवशी काळेनिळे वळ उठले होते. मी सगळं सांगत होते. आता पहिली लाट... वर चढली. आता दुसरी... गेली पलीकडे. आता वळली. आता येतायत, बूया. आले. सगळे आले.

"सगळे?"

"सगळे."

ते वाळूतच बसले. मला वाटलं, झालं. याच्यासाठीच यांना यायचं होतं. चला घरी.

पण दोन्हीकडचे दोर ओढायला माणसं कमी होती. अचमतनं मला खूण केली, मी चपला काढून आमच्या बाजूच्या दोराला लागले. निळा नायलॉनचा दोर, ओला, बर्फासारखा गार. तेवढ्यात बूया उठून चाचपडत माझ्या मागे आले. "मलाही लावू दे हात."

"अहो, ऐंशी वर्षांचे तुम्ही."

"डोळे गेलेत, हात नाही गेले."

तर ते रांगेत शेवटी. त्यांच्या पुढे मी, माझ्या पुढे एनरिको, त्याच्या पुढे बाकीचे. "ओढा... हां! ओढा... हां!" अचमत ताल धरत होता. रापण ओढताना शेवटचा माणूस मागचा दोर वाळूत सोडत जातो, तो त्याच्या पायांशी वेटोळं होऊन पडतो, माहीत आहे ना?

दहा-बारा हिसके झाले असतील. मला जाणवलं की दोर हलका होतोय. हलका म्हणजे, आपण ओढतोय त्याहून जास्त कोणीतरी ओढतंय असा. हातातून आपोआप मागे सरकत होता. म्हटलं, म्हाताऱ्याच्या अंगात कुठून आली ही ताकद?

मागून बूयांचा आवाज आला, अगदी हळू. लाडात आल्यासारखा.

"अरे, हळू... किती जोर लावतोस..."

मी म्हटलं, "कोणाशी बोलताय?"

मी मान वळवली.

बूया डोळे मिटून हसत होते. ते ठीक. पण त्यांच्या हातांच्या मागे दोर खाली पडत नव्हता, नुरान. वेटोळं नव्हतंच कुठे. तो कमरेइतक्या उंचीवर ताणलेला होता, सरळ, मागे वाळूच्या टेकाडाच्या दिशेनं. आणि अचमतनं "हां" म्हटलं की प्रत्येक वेळी तो त्यांच्या मागे दोन पावलांवर किंचित खाली दबत होता. तिथे कोणाचे तरी हात असावेत तसा.

तिथे कोणी नव्हतं. वाळू उडत होती. नुसती वाळू.

मी ओरडले नाही. का, ते सांगता यायचं नाही. भीती वाटली, पण त्याच वेळी असंही वाटलं की आपण ओरडलो तर ते हात दोर सोडतील. मी तोंड पुढे केलं आणि ओढत राहिले. माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास येत होता. बूयांचा असेल. वारा असेल.

जाळं आलं. काय मासळी होती! चंदेरी, उसळणारी, पिवळ्या शेपट्यांची. सगळे धावत सुटले, आरडाओरडा, शिट्या, एनरिको मोबाइल काढून चित्रण करायला लागला. मीसुद्धा दोन पावलं त्यांच्यामागे गेले. दोनच. मग बूयांना सांगायला वळले.

ते जागेवर नव्हते.

ते पाण्यात होते. गुडघाभर पाण्यात, समुद्राकडे तोंड करून चालले होते, सावकाश, जराही न चाचपडता. त्यांच्या हातात दोर होता. निळा नाही. जुना, तपकिरी, घायपाताचा दोर, त्यांच्या काळात रापणीला असायचा तसला. त्याचं दुसरं टोक कुठे होतं ते दिसत नव्हतं. फेसाच्या आत गेलं होतं.

मी धावले. पाणी एवढं गार की छातीत कळ आली. त्यांच्यापाशी पोचले आणि पहिल्यांदा तो दोरच धरला, दोन्ही हातांनी. आणि मग मला कळलं. कोणी त्यांना ओढत नव्हतं, बाळ. हिसका नव्हता त्यात. आंधळ्या माणसाला काठीचं टोक धरून रस्त्यानं नेतात ना, तसं कोणीतरी त्यांना नेत होतं. जपून. लाट आली की थांबत होतं. लाट गेली की पुन्हा पुढे.

"बूया, मागे फिरा."

"तो म्हणतोय, तिकडे एक माणूस कमी पडतोय."

"फिरा मागे, तुमच्या पाया पडते."

"रुग्गी, त्यानं मला हाक मारली. रागावलेला नाही गं. मला वाटायचं, रागावला असेल..." आणि मग ते पाण्याकडे बघून बोलायला लागले. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. "जाकीट मी हलवलं, तोयेर. वारा मला दिसत होता. दिसत होता आणि तरी हलवलं. चोवीस वर्षं झाली, मी एकदाही..." पुढचं लाटेत गेलं.

दोर थांबला होता. ऐकत असल्यासारखा.

तेव्हा मी बोलले. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला न्हाऊ-माखू मीच घातलंय. समुद्राला काय आणि आणखी कोणाला काय, मी त्याच आवाजात बोलले.

"तोयेर, टिटीचं ऐक. दमलेत रे ते. अजून नको. घरी त्यांच्या बिछान्यावर, माझ्या हातांत, जाऊ दे त्यांना. तुला नाही तसं मिळालं, माहीत आहे मला. पण यांना मिळू दे. सोड त्यांना. दुसरं काय हवं ते माझ्याकडे माग."

हे मी म्हटलं. शब्द न् शब्द आठवतं मला.

पुढचं मात्र नीट आठवत नाही. दोर ढिला पडला, हे आठवतं. हातातून निसटला आणि पाण्यात नाहीसा झाला. मग मी वाळूवर होते, बूया माझ्या शेजारी ओले बसले होते, रडत होते, पण हरवलेलं मूल घर सापडल्यावर रडतं तसे, आणि अचमत माझ्या खांद्यावर आपला कोट टाकत होता. एवढंच. मला वाटलं, सगळं मिनिटभराचं काम.

त्या रात्री बूयांनी मासा खाल्ला. चोवीस वर्षांनी. मी मसाला लावून तळला, त्यांनी काटेसुद्धा चोखले. "मीठ कमी पडलंय," म्हणाले. मी आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर दीड वर्ष जगले ते, मजेत. शेजाऱ्यांच्या पोरांना वाऱ्याचे वास शिकवायचे. एका निवांत पहाटे बिछान्यावर गेले, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी मागितलं होतं तसंच, अगदी तसंच. अचमत खांदा द्यायला आला होता. तोयेरसाठी राहून गेलेलं सगळं आम्ही त्या दिवशी केलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुझ्या आईला फोनवरसुद्धा सांगितली असती.

बूया गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, त्यांच्या नावाच्या जेवणाला, एनरिको आला. हातात मिठाईचा खोका, आणि त्याचं तोंड कधी नव्हे ते बंद. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आँटी, तुम्हाला एक दाखवायचंय. दीड वर्ष ठेवलंय मी. बूया होते तोवर धीर झाला नाही."

त्यानं त्या दिवशी केलेलं चित्रण होतं. आधी मासळी, उड्या, आरडाओरडा. मग मागे, पाण्यात, आम्ही दोघं. त्याला वाटलं म्हातारा पोहायला निघालाय, म्हणून तो हसत हसत मोबाइल धरून जवळ येत गेला होता. बूयांच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. नुसत्या मुठी, हवेत.

मग बूया वळून एकटेच बाहेर येतात. अचमत धावत जाऊन त्यांना धरतो. आणि मी तिथेच उभी आहे.

मी तिथेच उभी आहे, नुरान. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. कमरेइतक्या पाण्यात, समुद्राकडे तोंड करून. अर्धा चेहरा दिसतोय माझा. मी कोणाचं तरी ऐकते आहे. मान एका बाजूला कलती, उंच माणूस वाकून कानाशी बोलत असेल तशी. एकदा मी हसते. एकदा डोळे पुसते. मग मी काहीतरी बोलते. लांबलचक नाही, चार-पाच शब्द. आणि तीनदा मान हलवते. हो, हो, हो.

मला यातलं काहीही आठवत नाही. वाऱ्याच्या घोंघाटात आवाज ऐकू येत नाही. एनरिकोनं ते माझ्या मोबाइलवर टाकलं आणि आपल्याकडचं तिथेच पुसलं; मी शंभर वेळा लावून बघितलं. माझेच ओठ, आणि मला कळेना मी काय म्हणतेय.

तू आलीस तेव्हा विचारलंस ना, दाराशी बसल्या आहेत त्या बाई कोण, बोलत का नाहीत? ती मेरेल्डा. माझ्याकडे शिवणाची काजं-बटणं करायला येते. जन्मापासून बहिरी आहे. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात होती. शंभर यंत्रांच्या खडखडाटात कोण कोणाबद्दल काय बोलतंय ते त्या टोकाहून वाचायची, बायका तिला घाबरून असायच्या. ओठ वाचण्यात तिची चूक होत नाही.

मी एक दिवस तिला ते दाखवलं. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन एकदा बघितलं. मग चित्रण मागे नेऊन पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं नाही. माझ्याकडे न बघता तिनं ते पुसून टाकलं. कायमचं. मी तिचे खांदे धरून हलवले, हाता-पाया पडले, कागद पेन्सिल पुढे ठेवलं. तिनं पेन्सिल घेतली, थोडा वेळ धरली, आणि परत ठेवली. मग मला जवळ घेऊन बराच वेळ थोपटत राहिली.

तेव्हापासून आग्नेयेचा वारा सुटला की ती न बोलावता येते. पाऊस असो, ईद असो, तिचा चर्चचा रविवार असो. खुर्ची उचलते आणि माझ्या आणि दाराच्या मध्ये टाकून बसते. वारा पडला की उठून जाते. मी आता विचारत नाही. सवय झाली आहे. कोणीतरी आपल्यासाठी बसतं, यातही एक माया असते.

आजही तशीच आली. तू यायच्या अर्धा तास आधी. खुर्ची टाकून माझ्यासमोर बसली होती. मग तू आलीस, मी तिला खुणेनं सांगितलं, तोयेरची मुलगी. तिनं तुला नीट पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, पायांकडे जरा जास्तच.

मग बघ. तिनं खुर्ची उचलली. माझ्यासमोरून काढली, आणि तुझ्या नि दाराच्या मध्ये टाकली.